भगवान टोल्ड मी

“बोला किसने, दुबेजी? पहले कर्ता ढूँढो,” बकुळा मॅडम म्हणाल्या.

दुबेजी एक फुलस्केप कागद दोन्ही हातांत धरून उभे होते. कर्ता काही सापडत नव्हता.

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमध्ये, एका कापडदुकानाच्या माळ्यावर, इंग्लिश स्पीकिंगचा हा क्लास भरायचा. संध्याकाळी साडेसहा ते साडेसात. बाकांवर नऊ जण, सगळे हिंदी बोलणारे, मराठी समजणारे. मॅडम पंचविशीच्या. दुबेजींनी पंचेचाळिशी ओलांडलेली. ते अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात अकरा वर्षं फोरमन होते.

कागद म्हणजे रिपोर्ट होता. सोमवारी टाकीच्या पाइपच्या जोडातलं रबरी गॅस्केट फाटलं आणि लाल रंग भसाभसा बाहेर आला. आवार लाल, गटार लाल आणि नव्या मॅनेजरची पांढरी फियाट दारापर्यंत गुलाबी. मॅनेजर केरळचे, हिंदी नाही, मराठी नाही. त्यांनी टाकीवरच्या ऑपरेटरला, भगवानला, आधी घरी बसवलं. मग दुबेजींना सांगितलं, उद्या सकाळी दहापर्यंत इंग्रजीत लिहून द्या. गॅस्केट गेलंय हे कोणी कोणाला सांगितलं? आणि ऐकलं कोणी नाही? ज्यानं ऐकलं नाही, तो घरी जाईल.

दुबेजींनी दुपारभर खपून दोन वाक्यं लिहिली होती. ती त्यांनी वाचली.

“मी भगवान टोल्ड, गॅस्केट इज गॉन. बट नॉट लिसन.”

मॅडम फळ्याकडे वळल्या होत्या, त्या तशाच थांबल्या. हातातला खडू मोडला. मग त्यांनी दुसरा घेतला.

“दुबेजी, इंग्रजीतलं ‘मी’ म्हणजे ‘मैं’ नव्हे. ‘मी’ म्हणजे ‘मुझको’. म्हणजे तुम्ही इथे कर्म झालात. कर्ता भगवान. वाक्य झालं, भगवान टोल्ड मी. भगवान ने मुझको बोला.”

पापडवाले लछमनदास ताडकन उठले. त्यांनी हात जोडले.

“साईं, भगवान ने खुद बोला? बीस साल से अगरबत्ती जला रहा हूँ, हमको तो एक अक्षर नहीं बोला!”

माळा हसण्यानं दणाणला. दुबेजी मात्र रंग उडाल्यासारखे पांढरे पडले.

“नहीं नहीं मॅडम, उल्टा! मैंने बोला. भगवान को बोला. भगवान तो ऑपरेटर है.”

“मग ‘आय’ लिहा. आय टोल्ड भगवान.” मॅडमनी दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिली. “हिंदीत ‘ने’ आणि ‘को’ असतात, शब्द कुठेही टाका, चालतं. इंग्रजीत नाव तेच राहतं, जागा बदलली की माणूस बदलतो. आता दुसरं वाक्य. नॉट लिसन. किसने नहीं सुना? इथे कर्ताच नाही.”

दुबेजींनी कागद खाली केला. कपाळावरचा घाम पुसला.

“मॅडम, आप ही लिख दो ना. आपका अक्षर भी अच्छा है. मैं नीचे साइन कर देता हूँ.”

“मी लिहिणार नाही. माझं लिहिणं बरोबरही होणार नाही.”

“तो इन दोनों में सही कौन सा है?”

मॅडमनी खडू खाली ठेवला. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“ग्रामर से दोनों सही हैं, दुबेजी. किसने किसको बोला, ये ग्रामर नहीं बताता. वो आपको मालूम है.”

आता कोणी हसलं नाही. क्लास सुटला, सगळे जिना उतरून गेले. दुबेजी फळ्यासमोरच बसून होते. गावी शिकणाऱ्या दोन मुली, अकरा वर्षांची नोकरी, सगळं त्या दोन ओळींत अडकलं होतं. बऱ्याच वेळानं ते उठले. तळहातानं एक ओळ पुसली आणि उरलेली कागदावर उतरवून घेतली. मॅडम खिडकी लावत होत्या. कोणती ओळ उरली, हे त्यांनी वळून पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री, अंबरनाथला शिवमंदिराच्या मागच्या चाळीत, भगवान साळवे कामावरून घरी आला. कोपरापर्यंत हात लाल होते आणि तोंडभर हसू होतं. मोरीत हात घासता घासता त्यानं आतल्या लेकीला हाक मारली.

“बकुळे, घेतला गं मला परत कामावर!”

बकुळा दारात येऊन उभी राहिली. हातातलं लाटणं खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

“काय झालं, बाबा?”

“आमच्या फोरमनचा रिपोर्ट! साहेबानं मला बोलावून सगळ्यांसमोर वाचला, क्लार्कनं मराठीत सांगितला. भगवाननं मला तीनदा सांगितलं, मी ऐकलं नाही, असं लिहिलंय त्यात. साहेब म्हणाला, या कारखान्यात पहिलाच कागद बघतोय ज्यात कुणी स्वतःची चूक स्वतःच्या नावावर लिहिली. दुबेला नुसती ताकीद दिली, नोकरी ठेवली.”

“मग माणूस चांगलाच म्हणायचा की.”

“दुबे? छ्या!” भगवाननं टॉवेल खांद्यावर टाकला आणि तो पाटावर बसला. “अगं, त्याला लिहायचं होतं उलटंच. पण इंग्रजी कच्चं, लिहायला गेला एक नि झालं भलतंच. क्लासला जातो म्हणे कुठेतरी. कोण अडाणी मास्तर भेटलाय त्याला, देव जाणे. पण बरं झालं बाई! तुझ्यासारखी नीट शिकवणारी भेटली असती ना, तर माझी नोकरी गेलीच होती!”