आपल्यातलं कुणी नसताना

“अरे, कुणीतरी तोंड उघडा!” सिर्काने टेबलावर हात आपटला. फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठातली, तिच्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गातली मुलं आपापल्या बुटांकडे बघत राहिली. मागच्या बाकावर एफुआ बसली होती. घानाहून आलेली ही प्राध्यापिका आज हा वर्ग ठेवायचा की बंद करायचा, ते ठरवणार होती.

सिर्काचा संताप जुनाच होता. इंग्रजी कसं शिकायला आवडतं, असं तिने एकदा विचारलं, तर कार्टी म्हणाली, कॉम्प्युटरवर खेळताना! म्हणजे राक्षस मारत मारत इंग्रजी. मग तिने जन्मभर जमवलेल्या टेपांचं काय लोणचं घालायचं? मुलांचे उच्चार बिघडू नयेत म्हणून ती स्वतः वर्गात फिनिशच बोलायची. इंग्रजी बोलायला टेपवरचा लंडनचा गृहस्थ होता.

मधल्या सुटीत ती कॉफीच्या खोलीपाशी आली आणि दारातच थबकली. आत तिच्याच वर्गातला मुखदुर्बळ ओत्सो एफुआशी घडाघडा इंग्रजी बोलत होता. वर तिला हसवतही होता!

तो बाहेर येताच सिर्काने त्याला गाठलं. “वर्गात दातखीळ बसते, आणि इथे?”

“चिडू नकोस, सिर्का,” ओत्सो म्हणाला. (ओउलूत शिक्षकांना नावानेच हाक मारतात, अपमान करायचा तर वेगळे कष्ट घ्यावे लागतात.) “इथे फिनिश माणूस कुणी नव्हतं ना. खेळातसुद्धा ब्राझीलची, कोरियाची पोरं असतात. आपल्यातलं कुणी ऐकतंय म्हटलं, की वाटतं, झालं, आता मनात चुका मोजणार.”

“शुद्ध मूर्खपणा! असल्या फुकटच्या लाजेपायी माझा वर्ग बुडवता? चल आत. कसं बोलतात ते दाखवते.”

तिने त्याला जवळजवळ ओढतच नेलं. विभागप्रमुख तुओमो, तोही फिनिशच, नुकताच दुसऱ्या दाराने येऊन कपात कॉफी ओतत होता. एफुआ हसून इंग्रजीत म्हणाली, “बरं झालं आलात. हा वर्ग का राहावा, तुम्हीच सांगा. पटलं तर आत्ता सही करते.”

सिर्काने घसा खाकरला. उत्तर जिभेवर तयार होतं, व्याकरणासकट. तुओमो ओतायचा थांबला. ओत्सोने कान टवकारले.

सिर्काने साखरेचं भांडं उचललं आणि हवी का, असं एफुआला खुणेनं विचारलं.