मात्सूपुढचा एक

मात्सू बेटावर वाढलेल्या डॉक्टर श्यूछिनला नसांचा दुर्मीळ आजार होता. बेटावर आपल्यासारखं आणखी कोणी असेल, या आशेने तिने तैपेईत राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या निनावी नोंदींवर संशोधन सुरू केलं. आज पडद्यावर त्या आजाराचे जिल्हावार आकडे उमटले. मात्सूपुढे एक होता. ती स्वतःच. पुन्हा मोजलं, पुन्हा एकच. केंद्राबाहेर जाणारे आकडे तपासणाऱ्या लो ताईंनी तक्ता पाहिला. "डॉक्टर, ही ओळ बाहेर जाणार नाही. एकटा माणूस लगेच ओळखू येतो." "एकट्याला कोण ओळखतं, ताई?" "नियम आहे हो! शेजारच्या बेटात मिळवा, नाहीतर खोडा." किनमन बेटावर सातजण होते. खोडायच्या बटणाकडे नेलेलं बोट तिने मागे घेतलं. मग तिने स्वतःला त्या सातांत मिळवलं. "आठ! आता कोणी ओळखणार नाही," ताई समाधानाने म्हणाल्या. आठजणांचा कागद घेऊन ती एकटीच जिना उतरली.