लहानूचा खालचा दात

"आ करा. आणखी मोठा," डॉक्टर पुनम म्हणाली.

खुर्चीतल्या माणसानं आ केला, अन् भोवती उभे होते ते तिघंही वाकले.

काही दिसलं नाही. म्हणजे दात होते, पण खालचे पुढचे दात काळ्या कीटाखाली पार बुडाले होते. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन सगळ्यांचा मिळून एकच लांबलचक दात झाला होता.

"साफ करा," गुणवंतराव म्हणाले. "आमच्या डोळ्यासमोर करा. साक्षीले पोलीस पाटील आनलो हाये मी."

गावचे पोलीस पाटील नानाजी खुर्चीमागं हाताची घडी घालून उभे होते. सकाळच्या बसनं सगळे मूल शहरातल्या या दवाखान्यात आले होते.

बारा वर्षांपूर्वी गुणवंतराव अन् त्यांचा धाकटा भाऊ लहानू मिरची तोडायला तेलंगणात गेले. परत एकटे गुणवंतराव आले. लहानू दुसऱ्या ठेकेदाराबरोबर पुढं गेला, म्हणाले. लहानूची बायको गिरजाबाई वाट पाहत राहिली. अन् या होळीला हा माणूस तिच्या दारात येऊन उभा. अंगानं अर्धा, दाढी छातीवर, तोंड काळं. "मी लहानू," म्हणाला. गिरजाबाईनं त्याच्या पायावर पाणी टाकलं अन् आत घेतलं.

सारं गाव हो म्हणालं. गुणवंतराव एकटे नाही म्हणाले. ते सुद्धा असे नाही म्हणाले, की ऐकणाराच घाबरावा.

"लहानपनी माही विटी लहानूच्या दातावर बसली होती," ते आता डॉक्टरला सांगत होते. "खालचा दात, डावीकडचा. कोपरा उडाला होता. या भामट्याचा दात साबूत निंगन, पाहून घ्या. मंग हा जाईन ठान्यात अन् हे बाई घराबाहेर. लहानूच्या वाट्याची धानाची बांधी बी सोडन. चार लोकायसमोर कबूल झाली हाये."

गिरजाबाई भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, सरळ बोलत नसे. तिनं नानाजींकडं पाहिलं. "पाटील, भासऱ्यायले सांगा, माहा मानूस मले समजते. मशीननं दात हालतेत म्हने. राहू द्या म्हना."

"पाहा, भेली!" गुणवंतराव म्हणाले. "पाहा पाटील, कशी भेली!"

"मशीननं नाही हलत, काकू," पुनमनं मास्क वर ओढला. "कीटानं हलतात. हे हिरडीखाली शिरतं अन् हाड खातं. मग दात नुसता कीटाच्या भरवशावर उभा राहतो. ते काढलं की पडतो, अन् लोक डॉक्टरच्या नावानं बोंबलतात. वेळेवर येऊन साफ करून घेतलं तर दातही राहतो अन् डॉक्टरही." तिनं आरसा आत घातला. "यांच्या हिरड्या त्या मानानं बऱ्या आहेत. एवढं कीट, पण फार जुनं नाही वाटत."

"बारा सालापासून खाते म्हने तो," गुणवंतराव फिसकन हसले. "इथीच पकडला गेला लेकाचा."

गिरजाबाईनं पदराचं टोक दातात धरलं.

मशीन किर्रर्र करत सुरू झालं. पाणी उडालं, मग लाल पाणी उडालं. खुर्चीतल्या माणसाच्या मुठी खुर्चीच्या हातावर आवळल्या. गुणवंतरावांनी मोबाईलचा टॉर्च लावून थेट त्याच्या तोंडात धरला.

"भाऊ, उजेड आहे मला," पुनम म्हणाली.

"मले नाई ना."

ती उजवीकडून आली. कीटाचा एक तुकडा निघाला, खाली पिवळा दात. साबूत. ती पुढं सरकली. दुसरा दात, साबूत. तिसरा, साबूत.

"पाटील," गुणवंतराव म्हणाले, "तिले म्हना, घरी गेल्याबरोबर बोचकं बांध."

 नानाजींची नजर गिरजाबाईवर होती. ती डोळे मिटून उभी होती.

"थुंका. पुन्हा आ."

चौथ्या दातावरचा थर काही केल्या सुटेना. पुनमनं मशीन ठेवलं, हातानं कोरलं. शेवटी वाटाण्याएवढा काळा खडा टण्णकन ट्रेमध्ये पडला. तिनं कापसानं दात पुसला अन् बाजूला झाली.

दाताचा कोपरा नव्हता. तिरपा उडालेला, तांदळाची कणी तुटावी तसा.

नानाजींनी वाकून पाहिलं. मग स्वतः बोट लावून पाहिलं.

"गुणवंतराव, हा त लहानूच हाये बाप्पा."

खुर्चीतला माणूस रक्ताळल्या तोंडानं हसला. "विटी तुमचीच होती ना, भाऊ? अन् मिरची तोडाले गेलो त्या सालाची त याद हाये ना?"

गुणवंतराव मागं सरले. पाठ टेबलाला लागली, ट्रे खाली पडला. टॉर्च त्यांच्या हातात तसाच जळत होता अन् त्याचा उजेड भिंतीवर पडला होता.

"नाई," ते म्हणाले. "असं होऊच शकत नाई. हा दात मी तवा बी पाहलो. तोंड उघडं होतं त्याचं. त्यावर रेती लोटलो मी, या दोन हातानं. गाडलो मी त्याले! गाडलेला मानूस कसा येईन?"



नानाजींनी जाऊन दाराची कडी लावली.

"कुठी?" गिरजाबाईनं विचारलं. बारा वर्षांत भासऱ्याशी ती पहिल्यांदा सरळ बोलली. "कुठी गाडलं त्यायले?"

गुणवंतराव भिंतीला धरून खाली बसले अन् नदीचं नाव सांगितलं. नानाजींनी ते दोनदा वदवून घेतलं.

खुर्चीतल्या माणसानं चूळ भरली, थुंकला, तोंड पुसलं. मग उतरून गिरजाबाईपासून चार हात लांब, अदबीनं उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला, "तुमी सांगतल्यावर दाताचा कोपरा बी घासून घेतलो. आता त मी खर्रा सोडू ना?"