जिन्याची खुर्ची

समोरच्या घरातलं शेवटचं कपाट ट्रकमध्ये चढलं, तेव्हा आई दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत होती आणि मागे लेकाचं गुऱ्हाळ चालू होतं.

"अगं, जिन्यावर सरकणारी खुर्ची आज घेतली तर मूर्ख ठरू आपण. पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येतंय. लाइट गेली तरी चालतं."

मागच्या वर्षी म्हणे सीट घडी होणारी येणार होती. ती आली, तर तिच्याहून कमी आवाजाची येणार होती. दर खेपेला हा पठ्ठ्या टेप घेऊन जिना मोजायचा आणि पुन्हा वाट बघत बसायचा. जिना काही वाढला नव्हता. आईचे गुडघे मात्र पार गेले होते.

समोरच्या मैत्रिणीलाही चाकांच्या खुर्चीतून उठता येत नव्हतं. दोन वर्षं दोघींच्या गप्पा खिडकीतून, हातवाऱ्यांनी चालल्या होत्या. आज ती कायमची लेकीकडे निघाली होती, दूरच्या गावी.

"मला तिला भेटायचंय," आई म्हणाली.

"व्हिडिओ कॉल लावून देतो की."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिचा हात धरायचाय मला. तो येतो का तुझ्या फोनमधून?"

"मग उचलून नेतो."

"मागे नेलंस तेव्हा आपटलंस. पुरे!"

तेवढ्यात विक्रेत्याचा फोन आला. "हो, हो, बॅटरी किती टिकते?" म्हणत लेक आतल्या खोलीत गेला.

आई भिंत धरत जिन्यापाशी आली आणि वरच्या पायरीवर तिने सरळ बसकण मारली. मग बसल्या बसल्याच एकेक पायरी खाली घसरू लागली. कोपर खरचटलं, कंबरेतून कळ गेली. ती लेकाला शिव्या घालत उतरत होती. अर्ध्यावर आल्यावर तिला स्वतःचाच राग आला. हे तर कधीही करता आलं असतं. या शहाण्याच्या नादी लागून आपण दोन वर्षं वर बसून राहिलो!

दाराची चौकट धरून ती उभी राहिली, तर मैत्रिणीची गाडी सुरू झालेली.

"थांब गं!"

गाडी दारासमोर थांबली. खिडकीतून एक सुरकुतलेला हात बाहेर आला. आईने तो दोन्ही हातांनी धरला.

"आलीस?"

"आले."

गाडी निघाली तेव्हा लेक धावत खाली आला, हातात फोन तसाच.

"आई! अगं पडली असतीस म्हणजे? चल आधी वर."

गाडी वळेपर्यंत आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. मग ती मागे फिरली आणि खालच्या पायरीवर बसली.

"उतरायचं माझं मी बघितलं," ती म्हणाली. "चढायचं मॉडेल निघालं की सांग."

आणि ती सरकून पायरीच्या बरोब्बर मधोमध बसली, त्याला वर जायला वाट न ठेवता.