पांढरं झाकण

सुई बोटात घुसली तेव्हा माझ्या सहकारिणीनं फक्त जीभ चावली आणि हातातल्या नळीचं पांढरं झाकण मला दाखवलं. "बिनकात्रीचे आहेत, ताई. काळजी नको." बिनकात्रीचे म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले अधू परजीवी. पेशीत घुसायला त्यांना जे कात्रीसारखं एन्झाइम लागतं, तेच आम्ही काढून घेतलं होतं. ते बिचारे पेशीला बाहेरून नुसते चिकटतात आणि तसेच मरतात. कात्रीवाले निराळे, माणसाला ताप आणणारे, गरोदर बाईच्या गर्भापर्यंत पोचणारे; त्यांच्या नळीला लाल झाकण. मी हसत तिच्या बोटाला पट्टी चिकटवली. औषधाचं नाव दोघींनीही काढलं नाही. आज पंधरा दिवसांनी, गोठवून ठेवलेल्या त्याच नळीतले परजीवी पेशींवर सोडून मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बाहेर एकही नव्हता. सगळे आत, ऐसपैस, एकाचे दोन होत बसलेले. सुई टोचली त्या आठवड्यात लाल झाकणं संपली होती. "तात्पुरतं पांढरं लावते, पेननं नंतर लिहिते," असं स्वतःशी पुटपुटत ती नळी मीच बंद केली होती. तेवढ्यात दार ढकलून ती आत आली. चेहरा आनंदानं लाल झाला होता की तापानं, कळेना. "ताई, सगळ्यांत आधी तुम्हाला सांगतेय. मला तिसरा महिना लागलाय." पट्टी निघालेलं बोट पोटावरच होतं. "आणि आपले बिनकात्रीचे काय म्हणताहेत? बघू तरी!" मी खुर्ची सोडली आणि तिला बघू दिलं.