रस्त्याकडचं शेत

साल १९८७. मानपाड्याच्या पलीकडे, खैरपाड्यात, माळ बचाव समितीचा सतरावा अर्ज लिहिला जात होता आणि सोळाव्याचं उत्तर अजून आलं नव्हतं.

"काय लिहू, दादूस?" सगुणाने विचारलं. ती गोमाजीची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी परत आली, त्याला अकरा वर्षं झाली होती. चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून अर्ज तिच्याच हातचे.

"तेच लिही. तारीख तेवढी बदल," समितीचा अध्यक्ष गोमाजी वैतागून म्हणाला.

गावामागच्या माळाचा मालक कल्याणचा. त्याच्या नातवाने माळ एका बिल्डरला विकला. चौदा इमारती व्हायच्या होत्या. गावाची गुरं पिढ्यानपिढ्या तिथेच चरत आलेली. बायका तिथली शेवळं, टाकळा अशा रानभाज्या खुडून डोंबिवलीच्या बाजारात नेत. उन्हाळ्यात पाणीही माळावरच्या तळ्याचंच. पण कागदावर गावाचं काही नव्हतं.

एकच गोष्ट गावाच्या हातात होती. माळाला तीन बाजूंनी नाला आणि खाजणाची दलदल. ट्रक न्यायचा तर गोमाजीच्या घरच्या, रस्त्याकडच्या शेतातूनच. ते शेत मिळालं नाही तर इमारती नकाशावरच राहणार होत्या.

बिल्डरचा माणूस दर आठवड्याला येई. गोमाजी त्याला ओट्यावर पाय ठेवू देत नसे. एकदा त्याने सगुणाकडे पाणी मागितलं. तिने तांब्या दिला.

"त्याला पानी कनाला दिलंस?" गोमाजी ओरडला.

"तहानेल्याला नाय म्हणू?"

गावाला संशय होता तो गावातल्याच भिवाचा. भिवा त्या माणसाच्या जीपमधून मानपाड्याला उतरताना दिसला होता. "पाय दुखत व्हता, म्हणून बसलो," तो म्हणे. कोणी ऐकून घेत नसे. शेवटी गावदेवीसमोर शपथ घालायचं ठरलं.

शपथेची रीत जुनी. घरातल्या कर्त्या पुरुषाने नारळावर हात ठेवायचा की सगळं घर बांधलं जातं. बेचाळीस घरं, बेचाळीस हात. विकणार नाही, विकू देणार नाही. भिवाने तर दोन्ही हात ठेवले. सगुणा हळदकुंकवाचं ताट धरून उभी होती.

"सगुणे, तू नाय हात ठेवत?" भिवाने चिडवलं.

"ती काय विकील रं?" म्हातारी आवडाबाई म्हणाली. "अर्जाचे कागद?"

सगळे हसले. सगुणाही हसली.

मग कल्याणच्या कचेरीचे हेलपाटे. साहेब दौऱ्यावर. साहेब जेवायला. साहेबांची बदली. नव्या साहेबांना अर्जावर कोर्टफीचं तिकीट हवं होतं, ते लावलं तर प्रती कमी पडल्या. प्रती नेल्या तर कारकून म्हणाला, सातबारा कुठाय? तलाठ्याकडे चार खेपा घालून सगुणाने उतारा आणला.

"बघ तरी, दादूस."

"बघायचं काय त्यात? बापाचं शेत मी वलखत नाय? टाच त्याला अन् दे."

सगुणाने टाचणी मारली आणि दिलं. या अर्जाचंही उत्तर आलं नाही.

मोर्चा निघाला तेव्हा बायकांना पुढे ठेवलं, पोलीस बायकांना मारत नाहीत म्हणून. सगुणाच्या कपाळाला तीन टाके पडले. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यात गावाचं नाव चुकलं होतं.

भातं कापून झाली आणि एका सकाळी ट्रक आले. थेट रस्त्याकडच्या शेतात. गोमाजी धावत गेला आणि पहिल्या चाकापुढे आडवा झाला. गाव मागोमाग आलं.

"उठा, काका," बिल्डरचा माणूस म्हणाला. "विक्री झालेली आहे. हा कागद."

गोमाजी उठून बसला. त्याला अक्षर लावून लावून वाचता येई. शेवटच्या पानावर तो बराच वेळ थांबला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"सही कोनाची हाय?" भिवाने विचारलं.

गोमाजीने कागदाची घडी घातली आणि परत केली.

"माझी," तो म्हणाला.

आवडाबाई त्याच्या अंगावर थुंकली. गोमाजीने अंगावरची माती झटकली आणि ट्रकला वाट दिली.

दुसऱ्या वर्षी गोमाजीच्या मुलाची हळद होती. बेचाळीस घरांचं जेवण शिजलं होतं. एकही माणूस आलं नाही. टोपंच्या टोपं खाडीत ओतावी लागली. १९९६ साली गोमाजी गेला, तेव्हा खांदा द्यायला बायकोचे भाऊ खडवलीहून आले. शेताबद्दल त्याने घरात पुन्हा अवाक्षर काढलं नाही. सगुणाला घर सोडायलाही सांगितलं नाही.

भिवाने त्या चौदा इमारतींना रेती आणि विटा पुरवल्या आणि स्वतःचं दुमजली घर बांधलं. आवडाबाई शेवटपर्यंत त्याच इमारतींच्या फाटकाशी भाजी विकायची. भाजी कसाऱ्याकडून यायची.

गावाने सगळी माया सगुणावर केली. भाऊ फिरला पण बहीण लढली, असं म्हणत. महापालिकेत बायकांसाठी जागा राखीव झाली तेव्हा तिलाच उभं केलं. ती निवडून आली आणि दहा वर्षं नगरसेविका राहिली. तळ्याच्या जागी झालेल्या बागेला तिचं नाव आहे.

शेत त्यांच्या बापाने मरण्यापूर्वी विधवा मुलीच्या नावावर करून ठेवलं होतं, आणि विक्रीच्या कागदावर सही सगुणाची होती.