कायमचं गिऱ्हाईक

सुप्याच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून सुयोग श्रीगोंद्याला घरी आला आणि दिवसभर मोबाईलवर पोकर खेळायला लागला. साखर कारखान्यातून नुकतेच रिटायर झालेले त्याचे वडील, तात्या, आधी खूप चिडले. पोरगा दर महिन्याला घरात पैसे देतोय म्हटल्यावर गप्प झाले. हल्ली तर दुपारभर खोलीचं दार लावून पडून असायचे.

"असं पत्ते खेळून जन्मभर भागंल का आपलं?" रेश्माने नवऱ्याला विचारलं. तिला चौथा महिना होता.

"न भागायला काय झालं? सगळ्यांना हरवायची गरज नसती. एक कच्चं गिऱ्हाईक रोज टेबलावर आलं की बास. मला घावलंय तसं. 'राजा ५८' नाव लावून खेळतो. हातात पत्ते नसले तरी पैसे लावतच राहतो."

"कोण हाय कोण बिचारा."

"असंल आपल्याच भागातला. इथली लाईट जाऊन वायफाय बंद पडलं की तोपण गायब होतो. मी मोबाईलच्या नेटवर लगेच परत येतो, तो मात्र लाईट आल्यावरच उगवतो."

सुयोग हसत होता, तेवढ्यात डोक्यावरचा पंखा थांबला.



आतल्या खोलीचं दार उघडून तात्या घाईघाईने बाहेर आले. हातात मोबाईल होता. "सुयोग, तुझ्या फोनचं नेट दे रे जरा. फंडातले शेवटचे लावलेत, डाव अर्धा राहिलाय."